मधल्या सुट्टीतली गोळी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे असतात. १-०-१ असेल तर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची कुठलीही आई निवांत होते. १-१-१ दिसलं की तिचा चेहरा उतरतो. सकाळचा एक तिच्या ताब्यात असतो, रात्रीचाही असतो. मधला एक शाळेच्या ताब्यात.

"डॉक्टर, दोनदाच दिलं तर नाही का चालणार?"

"नाही. आठ-आठ तासांनी पोटात जायला हवं."

"पण दुपारी तो शाळेत असतो."

"मग शाळेत द्या," असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवतात.

औषध दिवसातून जितक्या कमी वेळा घ्यायचं, तितकं ते न चुकता घेतलं जातं, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. पालकांना तर ते फारच ठाऊक असतं. म्हणून दिवसातून एकदाच घ्यायचं आणि बहुधा तीन दिवसांत संपणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन दवाखान्याच्या बाकावर अतिशय लोकप्रिय आहे. "शेजारच्या मुलाला तीन डोसांत बरं वाटलं, आमच्याच नशिबी पाच दिवस का?" अशी तक्रार असते. खोकला विषाणूचा आहे, अँटिबायोटिकची गरजच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तर आनंद व्हायला हवा. होतं उलटंच. दीड तास नंबर लावून बसायचं आणि हातात काय, तर "कोमट पाणी द्या"!

मुंबईच्या उपनगरांत या मधल्या डोसाचा घोळ आणखी वाढतो, कारण इथल्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची पाळी सातच्या आसपास सुरू होऊन साडेबाराला सुटते, दुपारची तेव्हा भरून सहाला सुटते. थोरली सकाळच्या पाळीत आणि धाकटा दुपारच्या, अशा घरात "जेवणानंतर एक" याचा अर्थ एकीसाठी दीड वाजता आणि दुसऱ्यासाठी अकरा वाजता असा होतो. दोघांना एकदमच सर्दी झाली तर आईला भिंतीवर वेळापत्रक चिकटवावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी व्हावी, हा हेतू चांगलाच होता. फक्त जी दुपारची गोळी एरवी शाळा सुटल्यावर घरी, वरणभातानंतर मिळायची, ती आता शाळेच्या वेळेत आली. मुलांची झोप झाली, आयांची उडाली.

पण खरी कारागिरी दिसते ती पॅरासिटामॉलच्या बाबतीत. हे औषध चार ते सहा तास ताप दाबून धरतं. सकाळची शाळा साधारण साडेपाच तासांची. या दोन आकड्यांच्या भरवशावर उपनगरातले असंख्य संसार चालले आहेत. पहाटे पोराच्या कपाळाला हात लावला तर चटका बसतो. आईबाबा एकमेकांकडे बघतात. आईची नऊला मरोळला मीटिंग, बाबांना बोरिवलीहून फास्ट गाडी पकडायची. रजा कुणी घ्यायची, हा प्रश्न दोघांपैकी कुणीही तोंडाने विचारत नाही. एकजण नुसतं म्हणतो, "तितकासा गरम नाही गं." दुसरी म्हणते, "पांघरुणामुळे असेल." थर्मामीटर मुद्दाम शोधला जात नाही, कारण तो सापडला तर आकडा दाखवेल आणि आकड्याशी वाद घालता येत नाही. साडेसहाला झाकणभर सिरप पोटात जातं, सातला पोरगं प्रार्थनेला उभं राहतं, अंगाला छान घाम सुटलेला असतो.

साडेदहाच्या सुमारास, गणिताच्या तासाला, ताप परत येतो.

"तुमच्या मुलाला ताप भरलाय. घ्यायला या."

"ताप? अहो बाई, सकाळी तर अगदी ठणठणीत होता!"

"हो. तोही तेच सांगतोय. म्हणाला, आईने गुलाबी औषध दिलं आणि बाईंना सांगू नकोस म्हणाली."

यावर पलीकडून बराच वेळ फक्त घाटकोपर-वर्सोवा मेट्रोची पुढल्या स्टेशनाची घोषणा ऐकू येते.

ज्या दिवशी ताप नसतो पण मधली गोळी असते, त्या दिवशी पालक पत्र लिहितात. मराठी माणूस एरवी दोन ओळींच्या वर लिहायला कंटाळतो, पण मुलाच्या औषधाबद्दल लिहायला बसला की त्याच्यातला कायदेपंडित जागा होतो. "सप्रेम नमस्कार. सोबत गोळी पाठवत आहे. डबा खाल्ल्यावर द्यावी. डबा अर्धाच खाल्ला तर दहा मिनिटं थांबून द्यावी. उलटी झाली तर परत द्यावी, पण लगेच झाली तरच. ही गोळी आहे असं त्याला सांगू नये. कळावे." प्रस्तुत लेखकही अशी पत्रं लिहिण्यात तरबेज आहे. त्याच्या एका पत्रावर बाईंनी लाल पेनाने शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून ते डायरीतून परत पाठवलं होतं. गोळी मात्र परत आली नाही, ती कुणी घेतली हे आजतागायत उलगडलेलं नाही.

बाईंची बाजूही ऐकायला हवी. वर्गात पन्नास-साठ मुलं. मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची. त्यात एकाचा डबा उघडत नाही, दुसऱ्याची बाटली तिसऱ्याच्या दप्तरात सांडलेली, चौथीने पाचवीची वेणी ओढलेली. अशात कुणाला जेवणाआधी आणि कुणाला जेवणानंतर, हे लक्षात ठेवायचं. "आम्ही बीएड केलंय, बीफार्म नाही," असं अंधेरीच्या एका शाळेतल्या बाई म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. शाळेचं परिपत्रक सांगतं की औषधासोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पालकांचं पत्र हवं, आणि तरीही शाळा जबाबदार राहणार नाही. डॉक्टर म्हणतात, शाळेत द्या. पालक म्हणतात, बाई देतील. व्हॅनवाले काका म्हणतात, आपलं काम फक्त आणायचं आणि सोडायचं. अशा रीतीने सगळी जबाबदारी ज्या एका माणसावर येऊन पडते, तो दुसरी ब मध्ये शिकत असतो आणि त्याला अजून बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत.

गोळीचा प्रवास बघण्यासारखा असतो. चिठ्ठीवर "अर्धी" लिहिलेलं असतं. सकाळच्या घाईत आई सुरीने गोळी मधोमध कापते. एक तुकडा फ्रिजखाली जातो, दुसऱ्याचा भुगा होतो. उरलेल्या पाकिटातली तिसरी गोळी बऱ्यापैकी अर्धी होते. ती वहीच्या कागदात गुंडाळून कंपासपेटीत जाते. तिथे ती खोडरबर, शार्पनरचा भुसा आणि तुटलेल्या पट्टीच्या सहवासात राहते आणि मधल्या सुट्टीपर्यंत तिला पेन्सिलीचा वास आणि करडा रंग येतो. काही आया हुशारीने गोळी डब्यातच ठेवतात. घाटकोपरच्या एका मुलाने दोन दिवस ठेपल्याला चिकटलेली गोळी तीळ समजून खाल्ली. आई म्हणाली, "बरं झालं. कशी का होईना, पोटात गेली."

पातळ औषधाची कथा वेगळी. अँटिबायोटिकची कोरडी भुकटी असलेली बाटली येते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की परत घालायचं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट असेल तर तयार झालेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं. शाळेत फ्रिज असतो एकच, कँटीनमध्ये, आणि तो लोणी, थंड सरबतं आणि मुख्याध्यापकांच्या ताकाने भरलेला. तिथे बाटली गेलीच तर ती द्यायची कशाने? औषधासोबतचं झाकण किंवा प्लास्टिकचा चमचा घरी राहिलेला असतो. शाळेतले स्टीलचे चमचे औषधाच्या पाच मिलिलीटरशी काहीही नातं राखत नाहीत. त्यात पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, एकात चमच्यामागे १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात थेट २५०. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. बाईंना मुलाचं वजन माहीत नसतं, दप्तराचं मात्र अंदाजे सांगता येतं.

या सगळ्यात शाळेतली खरी औषधतज्ज्ञ म्हणजे मावशी. सिक रूम नावाच्या खोलीत एक बाक, एक उशी, मागच्या गॅदरिंगचा राजमुकुट आणि प्रथमोपचाराची पेटी असते. पेटीत कापूस, डेटॉल, आयोडेक्स आणि अमृतांजन. (हे अमृतांजन मूळचं मुंबईचंच, १८९३ सालचं. त्यामुळे डोकं दुखण्याच्या बाबतीत या शहराचा अनुभव जुना आहे.) पोट दुखत असेल तर मावशी ओवा चघळायला देतात, डोकं दुखत असेल तर अमृतांजन चोळतात, आणि कुठे दुखतंय हे सांगता येत नसेल तर "आज कुठला पेपर आहे?" असं विचारतात. हा तिसरा उपाय बहुतेक वेळा गुणकारी ठरतो.

मग येतात होमिओपॅथीच्या गोळ्या. मुलुंड आणि बोरिवलीत या पांढऱ्या, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर फार मोठा विश्वास आहे. चार गोळ्या, दिवसातून चारदा, हात न लावता, झाकणातून थेट जिभेवर. हात न लावता, ही अट घालणाऱ्याने दुसरीतली मुलं पाहिलेली नसावीत. या गोळ्या गोड लागतात, हीच गोम आहे. मधल्या सुट्टीत त्यांचा बाजार भरतो. आठ गोळ्यांना एक स्टिकर, पूर्ण बाटलीला क्रिकेटपटूचं एक कार्ड. एका आईला बाईंनी बोलावून सांगितलं, "तुमच्या मुलीच्या सर्दीच्या गोळ्या आज अख्ख्या वर्गाने खाल्ल्या."

आईने घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. "कुणाला काही होणार नाही."

"मग सर्दी तरी कशी जाणार?" आईने विचारलं. त्यावर डॉक्टरांनी दुसरा कॉल येत असल्याचं सांगितलं.

इथवर ठीक. पण काही औषधांना मधली सुट्टी होईपर्यंत थांबता येत नाही. दम्याच्या मुलाचा निळा पंप लागतो तेव्हा लगेच लागतो. त्यावर घरात आजीचं मत वेगळं असतं ("पंपाची सवय लागते, लवंग चघळ"), शाळेत पीटीच्या सरांचं वेगळं ("हे काय खेळणं आणलंस?"). वर्गमित्रांना त्यातून निदान एक फुसकारा हवा असतो. शेवटी पंप जप्त होऊन ऑफिसात जमा होतो. बोरिवलीतल्या एका वडिलांनी आपल्या मुलाच्या शाळेतला हा संवाद ऐकवला:

"त्याचा पंप कुठे आहे?"

"सुरक्षित आहे. कपाटात कुलूप लावून ठेवलाय."

"किल्ली?"

"क्लार्ककडे."

"आणि क्लार्क?"

"बँकेत गेलेत. येतील लंचनंतर."

त्या दिवसापासून मुलाच्या मोज्यात दुसरा पंप असतो. शाळेला हे माहीत नाही, आणि वडिलांच्या मते ते माहीत नसण्यातच शिस्त टिकून आहे.

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचं तर वेगळंच. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे दिवसातून अनेकदा साखर तपासायची आणि टोचून घ्यायचं. साखर अचानक उतरली, सत्तरच्या खाली गेली, की काहीतरी गोड ताबडतोब खायचं, मग तास भूगोलाचा असो की संस्कृतचा. आठ वर्षांच्या या पोरांना कर्बोदकांचा हिशेब येतो. वर्गात खायचं नाही, हा नियम त्यांच्या आड येतो.

"तास चालू असताना चॉकलेट?"

"मॅडम, माझी साठ आहे."

"कितीपैकी?"

सीबीएसईने फेब्रुवारी २०१७ मध्ये अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखं फळ, सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली नेण्याची मुभा दिली. पदार्थ पर्यवेक्षकाजवळ ठेवायचे, लागतील तेव्हा मागायचे. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र पाठवून सांगितलं की या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. म्हणजे पोराने शाळेत केळं खावं की नाही, हे ठरवायला दिल्लीहून पत्र यावं लागलं. केळं मात्र डब्यात रोजच होतं.

सरकारही शाळेत गोळ्या वाटतं, आणि तिथे तर पालकांच्या पत्राचा प्रश्नच येत नाही. १० फेब्रुवारी २०१५ रोजी पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. दोन वर्षांपुढच्या मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, चावून खायची, बाईंसमोर. जंतांची गोळी आहे म्हटल्याबरोबर वर्गातल्या निम्म्या पोटांत गोळी जाण्याआधीच कळ येते. कुणी गोळी गालात दाबून ठेवतं, म्हणून बाईंना "आ कर, जीभ वर, आता खाली" अशी तपासणी करावी लागते. जे त्या दिवशी पोटदुखीने घरी राहतात, त्यांच्यासाठी काही दिवसांनी दुसरा दिवस ठेवलेलाच असतो, हे त्यांना उशिरा कळतं. अंधेरी पश्चिमेच्या एका मुलाने निक्षून सांगितलं, "बाई, मला जंत होऊच शकत नाहीत. आमच्याकडे अ‍ॅक्वागार्ड आहे." जंत मातीतून येतात आणि सोसायटीच्या बागेतही माती असते, हे बाईंनी समजावलं. दुसऱ्या दिवशी आईचं पत्र आलं: आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत.

मग रक्तवाढीची गोळी. २०१३ पासून किशोरवयीनांसाठी आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी, तर त्याहून लहान शाळकरी मुलांसाठी गुलाबी. बहुतेक ठिकाणी तिचा वार सोमवार. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, नाहीतर मळमळतं. हा वार ठरवणाऱ्यांनी श्रावण लक्षात घेतला नसावा. श्रावणी सोमवारी अनेक मराठी शाळा अर्ध्या दिवसाने सुटतात आणि अर्ध्या मुली उपाशी असतात. "काहीतरी खाऊन ये, मग देते," म्हणावं तर "बाई, आज उपास." "बरं, मग उद्या घे." "उद्या मंगळागौर आहे ताईची." अशी गोळी पितृपक्षापर्यंत पुढे ढकलली जाते.

मुलांना धीर यावा म्हणून बाईंनीही त्यांच्यासमोर गोळी घ्यावी, असं सुचवलेलं आहे. या शहरात ही रीत जुनी आहे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्यासमोर चौथी अ चा वर्ग नव्हता, एवढाच फरक. बाईंनी गोळी गिळली की शंभर डोळे बाईंवर खिळतात आणि मागच्या बाकावरून कुजबुज येते, "थांब, बघू काय होतं."

भीती मात्र नेहमीच गमतीची नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीतल्या पालिका शाळेतल्या एका मुलीच्या मृत्यूनंतर शाळेतल्या गोळ्यांबद्दल अफवा पसरली आणि शेकडो मुलांना उचलून पालक घाटकोपरच्या राजावाडी आणि गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात धावले. गोळ्यांचा त्या मृत्यूशी संबंध नसल्याचं पालिकेने सांगितलं. बहुतेक मुलांना तपासून घरी सोडण्यात आलं. पण भेदरलेल्या आईबापांना त्या दिवशी कुणी हसू शकलं नसतं.

गोळीची चौकशी आता पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दर सोमवारी करतात. "आज गोळी दिली का?" या प्रश्नाला सत्तावीस उत्तरं येतात, त्यांत नऊ हात जोडलेले असतात, एक सुप्रभातचा गुलाब असतो आणि एका आजोबांनी चुकून सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं बिल टाकलेलं असतं. खरं उत्तर मुलाकडे असतं. "दिली का रे?" "हो." "कुठल्या रंगाची?" "माहीत नाही. मी डोळे मिटले होते."

या गोंधळावर उपाय म्हणून मुलुंडच्या एका शाळेने यंदा जूनमध्ये औषधाचा छापील फॉर्म काढला. औषधाचं नाव, प्रमाण, वेळ, दुष्परिणाम, डॉक्टरांचा फोन, आई-वडील दोघांच्या सह्या. पहिल्या आठवड्यात बाईंच्या टेबलावर गठ्ठा जमला. बऱ्याच फॉर्मवर सह्या होत्या, बाकी रकाने कोरे. एक मात्र पूर्ण भरलेला होता, तो बाईंनी टीचर्स रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. औषधाचे नाव: पिवळे. प्रमाण: नेहमीचे. वेळ: खाल्ल्यावर. दुष्परिणाम: चिडतो. डॉक्टरांचा फोन: उचलत नाहीत. आणि सहीच्या जागी, दोन्हीकडे, एकाच थरथरत्या अक्षरात, आजीचं नाव.